सुरुवात वसईपासून कर

आपल्याकडचा कॅथलिक प्रभाव समजून घ्यायचाय म्हणून लगेच रोमच्या मागे लागू नकोस. आधी वसईचा किल्ला पायी पालथा घाल. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज मजकुराच्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्या वाकून बघ. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरची त्यातलीच मानतात. तिच्यावर १७२९ साल आहे.

गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय (१५६० ते १८१२), टाळू नकोस. काही जण सोयीस्करपणे टाळतात. पण तेवढ्यावरच थांबलास तर १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलेलं फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ राहून जाईल. येशूची कथा, तीही मराठी ओव्यांत! दोन्ही शेजारी ठेवून वाच. आणि वसईच्या कुपारी (तिथला एक कॅथलिक समाज) आजींशी गप्पा मारच, लाल लुगड्यापासून सुरुवात कर.