थकलेली बिलं आणि संघटनेची वर्गणी: भरून उपयोग आहे का?

तुमची पोस्ट वाचली आणि दोन ओळींतच दुखणं ओळखलं. जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघर नळाने पाणी द्यायच्या सरकारी योजनेची, दोन कामं पूर्ण, गावात नळाला पाणी चालू, बिल मात्र "निधी आला की बघू", आणि कोणीतरी सुचवलंय की कंत्राटदार संघटनेचा सभासद हो, तर तुमचा प्रश्न की वर्गणी भरून बिल निघतं का. नाही निघत. तरी भरा.

तुमचा पैसा अडकलाय तो एका टेबलावर नाही. जलजीवनमध्ये आपल्या राज्यात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा, आणि केंद्राने २०२५ च्या बजेटमध्ये योजना २०२८ पर्यंत वाढवल्याचं सांगितलं तरी आधीच्या बिलांचं भिजत घोंगडं तसंच राहिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्यातल्या संघटनांनी सगळ्या खात्यांची मिळून ८९ हजार कोटींची थकबाकी असल्याचं जाहीर केलं आणि कामबंदची हाक दिली. आकडा संघटनांचा आहे, मी मोजलेला नाही. पण एकटा माणूस झेडपीत जाऊन "माझे बावीस लाख द्या" म्हणाला तर चहा पण विचारत नाहीत, आकडा असा एकत्र झाला की निदान मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं.

संघटनेचं खरं काम हेच, सगळ्यांचं मिळून जे दुखतं ते वर नेणं. सिमेंटचं बघा, कंपन्या संगनमताने भाव ठेवतात अशी तक्रार बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने स्पर्धा आयोगाकडे नेली, २०१२ मध्ये आयोगाने ११ कंपन्यांना सहा हजार कोटींच्या वर दंड लावला. पुढे अपिलं झाली तो भाग वेगळा, पण तुम्ही-मी ती केस लढलो असतो का? आणि १८ जुलै २०२२ पासून सरकारी कामांवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला तेव्हा १२ धरून टेंडर भरलेल्या लोकांचा फरक कोणी द्यायचा, यासाठी एकेकट्याने अर्ज करून कोण ऐकणार होतं?

आता जे मला महागात पडलं ते. ऑफिसचं नाव घेत नाही, आजही तिथे काम चालू आहे. रस्त्याचं काम होतं, मधली बिलं थकलेली, जिल्हा संघटनेने कामबंद पुकारलं, सगळे गेलो, निवेदन दिलं, पेपरात फोटो आला. त्याच्या आधीच मी माझ्या लेटरहेडवर पत्र दिलं होतं की बिलं थकल्यामुळे काम थांबवतोय, मुदतवाढ द्यावी. आवक टेबलवरच्या माणसाने पत्र घेतलं, शिक्का मारला नाही, म्हणे साहेबांना दाखवून मारतो, पोच उद्या न्या. तो उद्या आलाच नाही. मुदत संपल्यावर दंडाची नोटीस. जाऊन बघतो तर फाईलमध्ये माझं पत्र गायब, संघटनेचं निवेदन मात्र व्यवस्थित टॅग लावून ठेवलेलं. मी तेच पुढे केलं तर हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, "आंदोलन संघटनेचं, करार तुमचा. त्यांच्या पत्रावर तुमची मुदत कशी वाढवू?"

कायद्याने बरोबर बोलला हो, संताप त्याचाच येतो! यांनी बिलाला कितीही उशीर केला तरी यांना नोटीस नाही, आणि दंड कापला कशातून, तर जे बिल दिलंच नव्हतं त्याच्यातून.

मग जिल्हाध्यक्षांनी कार्यकारी अभियंत्यांकडे बैठक लावली आणि तिथे आणखी सात-आठ जणांची हीच रड निघाली, सगळ्यांची पत्रं त्याच टेबलवर गिळलेली. मी एकटा असतो तर खोटारडा ठरलो असतो. दंड परत मिळाला, पण तोपर्यंत स्टीलवाल्याचं व्याज त्याच्यापेक्षा जास्त झालं होतं.

म्हणून संघटनेच्या पत्राला स्वतःचं पत्र समजू नका. तुमचं पत्र वेगळं, वर्क ऑर्डर नंबर, एमबी (कामाच्या मोजमापाची सरकारी वही) नंबर आणि रक्कम टाकून, एक काउंटरवर, एक स्पीड पोस्टने पोचपावतीसह, एक ऑफिसच्या ईमेलवर, आणि कॉपी संघटनेला. मीटिंगला जाणाऱ्या माणसाच्या हातात असा कागद असला तर तो बोलतो, नाहीतर नुसता "पोरांवर अन्याय होतोय" एवढंच म्हणून चहा पिऊन येतो. काही जिल्ह्यांत संघटना म्हणजे दोन मोठ्या ठेकेदारांचं दुकान असतं हेही खरं, तिथे निवडणूक कधी झाली आणि छोट्या क्लासचा, म्हणजे लहान कामं घेणारा, कोणी ठेकेदार कमिटीवर आहे का ते विचारूनच पैसे भरा.

वर कोणीतरी लिहिलंय की उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे तर समाधान पोर्टलवर, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारीच्या सरकारी वेबसाइटवर, टाका. थांबा, वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे आपल्यासारख्या बांधकामाच्या कंत्राटाला, लघुउद्योगांचा तो कायदा लागतो का यावर वाद आहे, मुंबई हायकोर्टाचा विरोधात निकाल आहे. मी वकील नाही, वकिलाला दाखवा, आणि दाखवायला उशीर करू नका, केलेल्या कामाच्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, "साहेब देणार आहेत" या भरवशावर लोकांची ती मुदत निघून जाते. आणि सावकाराचे पैसे आणून तिसरं काम ओढू नका, कोणी कितीही "पुढचं बिल लगेच काढतो" म्हणालं तरी.

जिल्हा कुठला ते लिहा. आणि दोन्ही कामांचा थर्ड पार्टी (बाहेरच्या संस्थेने केलेल्या) तपासणीचा रिपोर्ट आलाय का तेही सांगा, तो अडकला असेल तर निधी आला तरी तुमची फाईल खालीच राहील, आधी तो काढा.