अंतुलेंना फक्त सिमेंट घोटाळ्यासाठीच लक्षात ठेवायचं का?

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री म्हणून खरंच कर्तबगार होते, की सिमेंट घोटाळ्यामुळेच त्यांचं नाव राहिलं, असं तुम्ही विचारलंय. माझ्यापुरतं उत्तर असं: कर्तबगार होते, आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली तेही योग्यच झालं. दोन्ही गोष्टी आमच्या घराने जवळून पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही मूळचे म्हसळा तालुक्यातले. अंतुलेंचं गाव आंबेत, तेही त्याच तालुक्यात. वडील गिरणीत, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. १९८१ च्या पावसाळ्यात आमची गच्ची इतकी गळत होती की आई बालदीत चिंधी टाकून ठेवायची. रात्रपाळी करून आलेले वडील थेंबाच्या आवाजाने जागे होऊ नयेत म्हणून. गच्चीवर सिमेंटचा थर दिला की काम झालं असतं, पण सिमेंट तेव्हा दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती. त्याला परमिट लागायचं. चाळकमिटीने अर्ज दिला. वडील आणि शेजारचे काका ऑफिसात खेटे घालायचे आणि 'कोटा आला नाही' हे ऐकून परत यायचे. काळ्या बाजारात हव्या तेवढ्या गोण्या होत्या, पण तो भाव चाळीला झेपणारा नव्हता. परमिट हाती पडलं तेव्हा पाऊस संपत आला होता. गोण्या आल्या, त्यातल्या तीन ओल धरून दगड झालेल्या. वडिलांनी एक फोडायचा प्रयत्न केला, घणाचा नुसता आवाज झाला.

त्याच पावसाळ्यात, ३१ ऑगस्ट १९८१ ला, 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि अंतुलेंच्या 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' या ट्रस्टचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. हेतू सांगितला होता चांगला, साहित्यिक-कलावंतांना मदत करण्याचा. पण सिमेंट कुणाला द्यायचं हे सरकारच्या हातात, बिल्डरांना त्याची गरज आणि त्याच बिल्डरांच्या देणग्या मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टमध्ये जमा होत होत्या. विरोधक हायकोर्टात गेले. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध आहे. त्याच दिवशी अंतुलेंनी राजीनामा दिला.

त्यांची बाजू घेणारे आजही म्हणतात की पैसे स्वतःच्या खिशात घातले नाहीत, संस्थेला घेतले. हे मला कधीच पटलं नाही. पैसा कुठे गेला हा नंतरचा प्रश्न. ज्या गोणीवर गळक्या छपराखालच्या माणसाचा पहिला हक्क, ती देणगी देणाऱ्याला आधी मिळाली की रांगेतल्याचा अर्ज खाली सरकतो. त्यासाठी कुणी लाच खिशात घालायची गरज नसते. आमची चाळ त्या रांगेत होती, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने सांगतोय.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी आहे.

हा माणूस खेड्यातून निघून लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला, १९६२ साली श्रीवर्धनमधून आमदार झाला आणि जून १९८० मध्ये मुख्यमंत्री. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची. तेवढ्यात कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना वेगळा झाला. शिवाजी महाराजांची भवानी तलवार इंग्लंडहून आणायची घोषणा झाली. ती काही आली नाही, पण त्या घोषणेने गावोगावची माणसं हरखली होती हे मी पाहिलंय. वडील पोस्टकार्डावर 'जि. कुलाबा' लिहून मग खोडायचे आणि 'रायगड' लिहायचे. खोडताना त्यांना बरं वाटत असावं.

आणि निराधारांना दरमहा पैसे देणारी संजय गांधी निराधार योजना. ती १९८० ची, अंतुलेंचीच. माझी आत्या, वडील तिला आक्का म्हणायचे, तिशीत विधवा झालेली, मूलबाळ नाही, दिरांच्या पडवीत राहायची. तलाठ्याचा दाखला, तहसीलमधला अर्ज हे सगळं वडिलांनी रजा काढून केलं. पहिले पैसे आले तेव्हा तिने त्यातून मीठ, रॉकेल आणि स्वतःसाठी एक चोळीचं कापड आणलं. दिरांना न विचारता केलेली तिची ती पहिली खरेदी. रक्कम तुटपुंजी होती, पण ती तिच्या नावाने यायची. योजना आजही चालू आहे, २०२३ मध्ये रक्कम महिना दीड हजार झाली. पुढे सगळ्या पक्षांची सरकारं आली, बंद कुणी केली नाही.

कोर्टातलं प्रकरण मात्र राजीनाम्यावर संपलं नाही. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली. आमदार 'लोकसेवक' आहे की नाही, खटल्याला विधानसभेची परवानगी लागते का, यावर वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८४ मध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलं की परवानगीची गरज नाही, आणि खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून हायकोर्टाकडे दिला. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांनी बहुमताने म्हटलं की तो खटला हलवण्याचा आदेशच चुकीचा होता, कारण कायद्याने तो विशेष न्यायाधीशासमोरच चालायला हवा. कोर्टाच्या स्वतःच्या चुकीचा फटका कुणाला बसू नये, हे तत्त्व सांगताना वकील आजही अंतुले खटल्याचं नाव घेतात. पण यात वर्षं गेली आणि सिमेंटचा मूळ प्रश्न लोकांच्या मनातून पुसट झाला, याचं मला वाईट वाटतं.

नंतर ते लोकसभेत गेले, नरसिंह रावांच्या काळात केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ पासून अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. २६/११ नंतर हेमंत करकरेंच्या मृत्यूबद्दल त्यांनी शंका उपस्थित केली तेव्हा मोठा गदारोळ झाला. शेवटी गृहमंत्र्यांनी संसदेत निवेदन केलं आणि अंतुलेंनी ते मान्य केलं. ज्या शहरात काहीच आठवड्यांपूर्वी अंत्ययात्रा निघाल्या होत्या, तिथे ते बोलणं जिव्हारी लागलं. २००९ ला रायगडमध्ये अनंत गीतेंनी त्यांना हरवलं. २ डिसेंबर २०१४ ला ते मुंबईतच गेले.

एक राहिलं. राजीनाम्यानंतर आठवडाभरात, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांची नोकरी त्यातच गेली आणि ते गावी परतले. १९८९ च्या लोकसभेला अंतुले उभे होते. मी मुंबईहून मुद्दाम गेलो आणि वडिलांशी रात्रभर वाद घातला. गच्ची आठवते का, दगड झालेल्या गोण्या आठवतात का, असं विचारलं. ते म्हणाले, "आठवतात. आक्काचे पैसे पण आठवतात." सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते केंद्रावर गेले आणि बॅरिस्टरांना मत देऊन आले. माझं नाव त्या यादीत असतं तर मी दिलं नसतं.