एसईसीची (अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बड्या विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे संघांचा गट) बेसबॉल टूर्नामेंट बघायला अलाबामातल्या हूवरला जायचं तर तिकीट कोणत्या दिवसाचं घ्यावं? आणि मोठे संघ तिथे मुख्य पिचर (चेंडू टाकणारा) बसवून ठेवतात, ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का?

तिकीट गुरुवारचं किंवा शुक्रवारचं घ्या. फसवणुकीचा आरोप मात्र मला अजिबात मान्य नाही. क्रिकेट बघत वाढलेली इथली मराठी मंडळी दर मे महिन्यात तो करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉलेजच्या मुख्य पिचरचा हात आठवड्यातून एकदा ९०-१०० चेंडू टाकायला तयार झालेला असतो. एसईसीची शेवटची साखळी मालिका गुरुवार ते शनिवार असते, म्हणजे पहिल्या नंबरचा पिचर गुरुवारी टाकतो. पुढच्या मंगळवारी हूवर सुरू होतं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी एनसीएएचे (राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचे) रिजनल, म्हणजे पहिली फेरी. आता मोजा. हूवरला तो गुरुवारी उतरला तर मागे सात दिवस, पुढे आठ. सगळं छान बसतं. मंगळवारी उतरवला तर मागच्या सामन्यानंतर मधे चारच दिवस मोकळे. रविवारच्या फायनलला टाकला तर शुक्रवारच्या रिजनलआधी पुन्हा तेच चार. थकलेल्या हाताचा वेग उतरतो, स्लायडर (वळणारा वेगवान चेंडू) वळायच्या ऐवजी मधोमध तरंगतो. ॲल्युमिनियमच्या बॅटसमोर असा चेंडू थेट कुंपणापलीकडे जातो. म्हणून शनिवार-रविवारी बहुधा बुलपेनच (मागून उतरणारे राखीव पिचर, म्हणजे रिलीव्हर) सामना काढतं, एकेकाला एक-दोन इनिंग, २५-३० चेंडू.

२०२१ चं मिसिसिपी स्टेट बघा. हूवरला दोन सामने, दोन्ही हरले: फ्लोरिडाकडून १-१३, टेनेसीकडून २-१२. दोन्ही दहा धावांच्या नियमाने (तेवढी आघाडी झाली की सामना थांबवतात) वेळेआधी आटोपले. "संघ संपला" म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. तरी एनसीएएने त्यांना सातवं सीड (मानांकन) दिलं, कारण निवड अख्ख्या मोसमावर होते. त्याच संघाने पुढे घरच्या मैदानावर रिजनल जिंकलं, सुपर रिजनलमध्ये, म्हणजे दुसऱ्या फेरीत, नोत्र दामला काढलं आणि शेवटचे आठ संघ खेळतात ते ओमाहा गाठलं. ३० जूनला व्हँडरबिल्टविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्यांचा पिचर विल बेडनार मधे तीनच दिवस विश्रांती घेऊन उतरला. सहा इनिंग, एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) नाही. उरलेल्या तीन लँडन सिम्सने टाकल्या. ९-०. विद्यापीठाचं कुठल्याही सांघिक खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. हात पणाला लावायचाच तर तो ३० जूनला लावायचा, मे महिन्यातल्या बुधवारी नाही.

त्या वर्षी हूवर कोणी जिंकलं? आर्कान्सॉने, आणि ते सुपर रिजनलमध्ये बाद झाले. २०२२ ला टेनेसीचं तेच झालं, तर हूवरला पहिल्याच सामन्यात हरलेलं ओल मिस राष्ट्रीय विजेतं ठरलं. २०२३ चा हूवर विजेता व्हँडरबिल्ट तर घरच्या रिजनलमधूनच गेला. २०२४ ला टेनेसीने हूवर आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही जिंकलं, म्हणजे हूवर जिंकणं अपशकुनी वगैरे नाही. पण हूवरच्या निकालावरून संघाची पत ठरवणं चूकच.

२०२५ पासून १६ संघ आणि एक हार म्हणजे घरी, अशी पद्धत आली. मला ती जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी पटते. पूर्वी मधल्या फेऱ्यांत हरलेल्या संघाला दुसरी संधी असायची आणि त्या जादा सामन्यांत रिलीव्हर पिळून निघायचे. आता पहिले चार सीड थेट गुरुवार-शुक्रवारच्या क्वार्टर फायनलला येतात, म्हणून तुम्हाला ते दोन दिवस सांगितले. नवव्या सीडच्या खालच्यांना, नववं धरून, सहा दिवसांत पाच सामने जिंकावे लागतात. त्यांचा चांगला पिचर मंगळवार-बुधवारीच दिसेल.

हे सगळं एसईसीसारख्या बड्या कॉन्फरन्सपुरतं. छोट्या कॉन्फरन्समधून बहुतेक वेळा फक्त विजेता एनसीएएला जातो. तिथे राखून ठेवायला उद्या नसतोच, मुख्य पिचर रविवारीही उतरतो आणि उतरायलाच हवा. एसईसीतल्या, एनसीएएच्या निवडीच्या काठावर असलेल्या संघांचंही थोडंफार तसंच.

आणि दिवसातला पहिला सामना धरा. मेमध्ये अलाबामात गडगडाट ठरलेला. वीज चमकली की शेवटच्या चमकेपासून ३० मिनिटं खेळ बंद, पुन्हा चमकली की पुन्हा ३०. थांबणं तासावर गेलं की थंड पडलेला पिचर सहसा परत आणत नाहीत, मग ज्याच्यासाठी गेलात तो दोन इनिंगनंतर डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) बसलेला दिसेल. रात्रीचा सामना अशाने मध्यरात्रीपलीकडेही जातो.