स्वस्तातले गोल्फ बॉल घेताना काय बघावं

तुम्ही विचारलंय की हँडिकॅप २४ आहे (हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), पुण्यात खेळता, एका फेरीत चार-पाच बॉल झाडीत नाहीतर पाण्यात जातात. बरोबरचे सगळे टायटलिस्टचा महागडा प्रो व्ही१ बॉल मारतात, तर स्वस्त बॉल घेतला की खेळ खाली येईल का? ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, मारलेल्या अंतरात तुम्हाला फरक जाणवणारही नाही. ग्रीनजवळ, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ, मात्र जाणवू शकतो, म्हणून निवड तिथूनच सुरू करा.

बॉक्सवर 'सगळ्यात लांब' असं लिहिलेलं वाचून पैसे देऊ नका. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी बॉलचं वजन (जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम), व्यास (कमीत कमी ४२.६७ मिमी), सुरुवातीचा वेग आणि एकूण अंतर या सगळ्यांवर मर्यादा घातली आहे. त्यांच्या मान्य यादीतले सगळे बॉल याच चौकटीत बसतात. अंतर तुमच्या स्विंगमधून येतं.

जास्तीचे पैसे जातात मुख्यतः कव्हरमध्ये. स्वस्त बॉल बहुतेक टू-पीस असतो, म्हणजे आत रबराचा गाभा आणि वर आयनोमरचं, म्हणजे सर्लिनसारखं, टणक कव्हर. हे कव्हर साच्यात झटपट बनतं आणि कार्ट पाथवर आपटलं तरी सहसा टिकतं. महाग बॉलवर युरेथेनचं पातळ, मऊ कव्हर असतं. बऱ्याच वरच्या मॉडेलमध्ये ते द्रव मिसळून ओततात आणि पक्कं होऊ देतात. हे वेळखाऊ काम किमतीत दिसतं. वेजचे, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबचे, खाचे या मऊ कव्हरला पकडतात आणि बॉलला स्पिन मिळतो.

तुम्हाला त्या स्पिनचा उपयोग आहे का, हे घरबसल्या कळत नाही. दोन्ही प्रकारचे तीन-तीन बॉल घ्या आणि चिपिंग ग्रीनपासून वीस-तीस मीटरवर उभे राहा. सँड वेजचे खाचे पुसून घ्या, गवत कोरडं असू द्या, आणि दोन्ही बॉल आलटून-पालटून मारा. नजर दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. नीट लागलेला युरेथेनचा बॉल दुसऱ्या टप्प्याला धरतो आणि थोडा घरंगळून थांबतो. आयनोमरचा बॉल पुढे पळतो. दोन्ही सारखेच पळत असतील तर फटका अजून नीट बसत नाहीये. मग सध्या युरेथेनवर खर्च करण्यात अर्थ नाही. आणि आयनोमर दर वेळी तेवढाच पळत असेल तर तेही चालतं. टप्पा ग्रीनच्या अलीकडे टाकायचा, एवढंच शिकावं लागतं.

नवशिक्याला टू-पीसचा एक फायदा क्वचितच कोणी सांगतं. ड्रायव्हरवर त्याचा स्पिन कमी असतो, म्हणून स्लाइस झाला, म्हणजे फटका उजवीकडे वळला, तरी बॉल थोडा कमी वळतो. ज्यांचे बॉल उजवीकडच्या झाडांत जातात त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. 'मऊ बॉल हळू स्विंगवाल्याला लांब जातो' हे मात्र मी मानत नाही. मऊपणा हाताला बरा वाटतो, पटिंगला आवाज हलका येतो. तेवढ्यासाठी आवडत असेल तर खुशाल घ्या, पण अंतर वाढेल म्हणून नको.

आपल्याकडे ऋतूचाही हिशेब धरावा लागतो. पावसाळ्यात ग्रीन इतकी ओली असते की कुठलाही बॉल टप्प्यालाच रुततो आणि रफ, म्हणजे कडेचं उंच गवत, वाढल्यामुळे बॉल हरवतातही जास्त. जून ते सप्टेंबर मी स्वस्त टू-पीसच मारतो, तोही पिवळा, कारण हिरव्यागार गवतात तो पटकन दिसतो. मार्चनंतर गवत पिवळं पडतं तेव्हा तोच रंग डोळ्यांना फसवतो. एप्रिल-मेमध्ये ग्रीन टणक होते, तेव्हा युरेथेनची खरी किंमत वसूल होते.

नावंच हवी असतील तर आयनोमरमध्ये स्रिक्सन सॉफ्ट फील, कॅलवे सुपरसॉफ्ट, टायटलिस्ट ट्रूफील यांपैकी जो स्वस्त मिळेल तो. युरेथेन हवं पण प्रो व्ही१ची किंमत नको, तर स्रिक्सन क्यू-स्टार टूर बघा. अमेरिकेतून घरचं कोणी येत असेल तर कॉस्टकोचा कर्कलंड मागवा. २०१६ मध्ये दोन डझन साधारण तीस डॉलरला आले आणि हातोहात संपले, तेव्हापासून युरेथेन महागच असतं हा समज ढिला पडला. हल्लीचा बॉल तेव्हाच्यासारखा फोर-पीस नाही, थ्री-पीस आहे, तरी त्या पैशात उत्तम.

वापरलेले बॉल कॅडीकडून घेत असाल तर 'रिफिनिश्ड' टाळा. त्यांवर नव्याने रंग चढवलेला असतो, डिंपल, म्हणजे बॉलवरचे खळगे, भरून उडणं बदलतं. छापलेलं नाव किंचित जाड किंवा पसरट दिसलं की संशय घ्यायचा. नुसता धुतलेला, चकाकी थोडी गेलेला चालतो. नख फिरवून बघा, अडकलं म्हणजे काप आहे. पाण्यात किती दिवस पडला होता हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तळ्यातल्या बॉलला जास्त भाव देऊ नका. उरलेला डझन गाडीच्या डिकीत मे महिनाभर तापत ठेवू नका.

यातलं काहीही घ्या, पण एकच मॉडेल निदान दोन-तीन महिने मारा. दर होलला सापडेल तो बॉल मारलात तर चिप लांब का गेली, फटक्यामुळे की बॉलमुळे, हे कधीच उमगणार नाही. तुमच्या हँडिकॅपला माझ्या मते महाग बॉलपेक्षा याचा उपयोग जास्त होईल. पाण्यावरून मारायच्या होललाही तोच बॉल ठेवा. जुना काढलात की मनात आधीच पाणी येतं आणि स्विंग आखडतो. क्लबच्या स्पर्धेत उतरणार असाल तर बॉल मान्य यादीत आहे ना ते आधी बघा, आणि 'प्रॅक्टिस' शिक्क्याचा स्वस्त बॉल असेल तर कमिटीला विचारूनच टीवर ठेवा.