थंडी, फुलोरा आणि ‘थंडी पाजलेले’ बियाणे

डिसेंबर उजाडला, की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतून एकच गोंधळ निरनिराळ्या रूपांत डोकावतो. थंडीने पीक फुलते हे ऐकून सर्वांना ठाऊक असते. कोणते पीक, कोणत्या अवस्थेत, हे मात्र कोणी विचारत नाही.

प्रश्न (दर्यापूर) : यंदा थंडी लांबली. गहू निसवेल ना?

निसवेल. आपल्याकडच्या गव्हाला ओंबीवर येण्यासाठी थंडीची अट नाही. त्याला थंडी हवी ती फुटव्यांसाठी आणि दाणा भरण्यासाठी.

प्रश्न (मेहकर) : कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) का येतात?

रोप पुरेसे वाढल्यानंतर सलग थंडी मिळाली, की कांदा फुलोऱ्याच्या वाटेला लागतो. खरिपाचा वाण रब्बीत लावला किंवा जास्त वयाची रोपे लावली, तर हे अधिक घडते. पुढच्या वेळी रोपवाटिका टाकण्यापूर्वीच वाणाची चौकशी करावी.

प्रश्न (अचलपूर) : बर्फाच्या प्रदेशात ‘थंडी पाजलेले’ गव्हाचे बियाणे दुप्पट दराने मिळते. ते दरवर्षी घरचे ठेवले, तरी लवकर निसवत राहते, असे विक्रेता सांगतो. घ्यावे का?

घेऊ नये, आणि का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण या दाव्यात अर्धे सत्य आहे व तेच महागात पडते. थंड देशांतील हिवाळी गव्हात व्हीआरएन२ नावाचे जनुक फुलोरा अडवून धरते. काही आठवडे थंडी मिळाली, की व्हीआरएन१ हे दुसरे जनुक हळूहळू जागे होऊन पहिल्याला दाबते, आणि मग पानांत तयार होणारा फुलण्याचा संदेश वाढत्या शेंड्यापर्यंत पोहोचतो. आपल्या वाणांत व्हीआरएन१ मुळातच थंडीवाचून जागे होते. महिनाभराचे रोप उपटून त्याचा बुंधा ब्लेडने उभा चिरा. शेंड्याशी भिंगाखाली ओंबीचा इवलासा दातेरी आराखडा दिसतो, मग बाहेर कितीही ऊब असो. जिथे कुलूपच नाही, तिथे किल्लीचे पैसे कशाला द्यायचे?

आता ‘घरचे ठेवले तरी’ या शब्दांकडे वळू. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीवर्गीय रोपट्यात फुलोरा रोखणारे एफएलसी हे जनुक 1999 साली ओळखले गेले. थंडीत त्याच्याभोवतीच्या प्रथिनांवर रासायनिक खुणा बसतात आणि ऊब परतल्यावरही, पेशी विभागत गेल्या तरी, ते बंदच राहते. रोपाची हिवाळ्याची आठवण ती हीच. परंतु नव्या बीजाचा भ्रूण घडताना त्या खुणा पुसल्या जातात, आणि प्रत्येक पिढीला आपला हिवाळा स्वतःच काढावा लागतो. ही आठवण वारशाने उतरते, असा हट्ट सोव्हिएत रशियात लायसेंको या कृषितज्ज्ञाने धरला. त्याला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह 1943 साली तुरुंगात मरण पावले. तोच दावा आज आपल्या बाजारात फिरतो आहे.

मागच्या हंगामात एका शेतकऱ्याने अशीच पिशवी मला दाखवली होती : वेष्टनावर हिमशिखराचे चित्र, प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी कुठेच नाही. त्यात खरोखर हिवाळी गहू निघता, तर आपल्या हवेत तो गवतासारखा फुटत राहिला असता व ओंबी आलीच नसती. ही शंका पेरणीनंतर दीड महिन्याने मनात येऊन उपयोग नाही. पिशवी फोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांना ती दाखवावी आणि पावती, वेष्टन व मूठभर बियाणे जपून ठेवावे.

प्रश्न (वरुड) : संत्र्याच्या आंबिया (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या) बहारासाठी पाणी तोडून ताण न देता नुसत्या थंडीवर भागेल का?

थंडी आणि पाण्याचा ताण या दोन्हींनी संत्र्याच्या पानांतील फुलण्याच्या संदेशाचे जनुक चेतते. म्हणून थंडी सौम्य असली, की ताणाचे महत्त्व वाढते. किती दिवस, हे पत्रातून सांगणार नाही. हलक्या मुरमाड जमिनीत झाड लवकर कोमेजते, भारी काळ्या जमिनीत ओल खोलवर टिकते. शेजाऱ्याचे दिवस मोजून आपली बाग ताणावर सोडणे हा जुगार आहे. मातीची खोली पाहून घ्यावी आणि कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

प्रश्न (कारंजा) : कडाक्याच्या थंडीत हरभऱ्याची फुले गळतात. थंडी फुलोरा आणते, तर मग हे कसे?

ही वेगळी गोष्ट आहे. इथे फुले आलेली असतात, पण गारठ्यात ती घाट्यात धरत नाहीत. दुकानदाराने दिलेले टॉनिक फवारण्याआधी दोन-चार झाडे मुळासकट उपटून तज्ज्ञाला दाखवा, कारण मर रोगाची सुरुवातही काही जण थंडीच्या खात्यावर टाकतात.