व्हॉल्यूम लावूनही रॅबिटएमक्यूचा डेटा जातो, आता कुबरनेटिसवर जायचं का?

तुमचा रॅबिटएमक्यू (ॲप्समधले मेसेज रांगेत ठेवून पुढे पोचवणारा ब्रोकर) महाप्यातल्या एका सर्व्हरवर डॉकर कंपोजने, म्हणजे एका फाइलवरून कंटेनर उभे करणाऱ्या साधनाने चालतो, व्हॉल्यूमही (कंटेनरबाहेर डेटा ठेवायची जागा) लावलाय. रीस्टार्ट केलं तर सगळं जागेवर, पण इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) बदलून कंटेनर नव्याने उभा केला की क्यू (मेसेजच्या रांगा), युजर, मेसेज सगळं कोरं. म्हणून सीनियर म्हणतात कुबरनेटिसवर (अनेक मशीनवर कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) चला. तूर्तास कुठेही जाऊ नका. तुमच्या वर्णनावरून कंपोजच्या फाइलमध्ये एकच ओळ कमी दिसते: होस्टनेम, म्हणजे कंटेनरचं नेटवर्कवरचं नाव.

रॅबिटएमक्यू डेटा ठेवतो तो नोडच्या (चालू असलेल्या एका रॅबिटएमक्यूच्या) नावाच्या फोल्डरमध्ये, आणि नोडचं नाव ठरतं होस्टनेमवरून. तुम्ही होस्टनेम दिलं नाही तर डॉकर कंटेनरचा १२ अक्षरी आयडीच होस्टनेम म्हणून चिकटवतो. रीस्टार्टमध्ये कंटेनर तोच, म्हणून नावही तेच. नवा कंटेनर म्हणजे नवा आयडी. सोसायटीच्या जिन्याखालच्या टपालपेट्यांसारखं आहे हे: नवा भाडेकरू स्वतःच्या नावाची पेटी शोधतो, नाही मिळाली की नवी ठोकतो, आणि जुनी पत्रं जुन्या पेटीत पडून राहतात.

म्हणजे डेटा बहुधा शाबूत आहे. फक्त कंपोज डाउन करताना व्हॉल्यूमही उडवणारा 'व्ही' पर्याय कुणी दिलेला नसावा, एवढं बघा. व्हॉल्यूममधलं म्नेशिया (रॅबिटएमक्यूच्या डेटाचं) फोल्डर उघडा. 'रॅबिट', ॲटचं चिन्ह आणि पुढे आयडी अशा नावांची फोल्डरं शेजारी शेजारी दिसतील. आधी कंटेनर थांबवून अख्ख्या व्हॉल्यूमची कॉपी काढा, हे टाळू नका. मग तारखा बघून हवा तो आयडी होस्टनेम म्हणून द्या आणि तेव्हाच्याच आवृत्तीची इमेज लावा. जुन्या क्यू परत दिसतील. मेसेज मात्र पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिलेले) आणि क्यू ड्युरेबल (रीस्टार्टनंतरही टिकणारी) असेल तरच. कन्झ्युमर (मेसेज घेणारा प्रोग्राम) लावून त्या रिकाम्या करा, डेफिनिशन्स एक्सपोर्ट करा (त्यात युजर, क्यू आणि कुठला मेसेज कुठल्या क्यूत जाईल ते ठरवणारी बाइंडिंग येतात, मेसेज नाही), आणि मग साधंसं कायमचं होस्टनेम ठेवून नव्याने इम्पोर्ट करा. एमआयडीसीची शुक्रवारची सुट्टी असेल तर हे तेव्हाच उरका.

हात घातलाच आहे तर रॅबिटएमक्यूची मोकळ्या डिस्कची किमान मर्यादाही वाढवा. मुळात ती ५० एमबी असते, म्हणजे नसल्यासारखीच. मोकळी जागा त्याखाली गेली की ब्रोकर पब्लिशरना (मेसेज पाठवणाऱ्यांना) अडवतो, आणि बरेचदा एररही येत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका क्लायंटकडे ॲप चालू, लॉग शांत, पण बिलं काही पुढे सरकेनात. मॅनेजमेंटच्या पानावर कनेक्शनसमोर 'ब्लॉक्ड' लिहिलेलं होतं. डिस्क कुणी खाल्ली, तर डॉकरच्याच लॉगनी! नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर सांगितल्याशिवाय लॉग रोटेट करत नाही, म्हणजे जुने लॉग काढून टाकत नाही. थांबवतानाही डॉकर फक्त १० सेकंद वाट बघतो आणि मग प्रोसेस मारतो. ब्रोकरसाठी ती मुदत निदान मिनिटभर करा.

राहिलं कुबरनेटिस. एकाच मशीनवर तीन कंटेनर उभे करून क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या नोडचा गट) म्हणवणं मला तरी पटत नाही. मशीन बसलं की तिन्ही बसले. कोरम क्यूला (अनेक नोडवर प्रती ठेवणारी क्यू) चालू नोडचं बहुमत लागतं, तेव्हा तीन वेगळी मशीन असतील तरच तो विचार करा. आणि नेटवर मिरर्ड क्यूचे (प्रती ठेवायची आधीची पद्धत) जुने सल्ले सापडतील, ते सोडून द्या. रॅबिटएमक्यू ४.० मध्ये त्या काढूनच टाकल्या आहेत.

इमेजचा टॅग 'लेटेस्ट' असेल तर तो आजच बदलून नेमकी आवृत्ती लिहा. ४.० वर जायला आधी ३.१३ वर यावं लागतं आणि तिथले फीचर फ्लॅग (नव्या सुविधांचे स्विच) चालू करावे लागतात. मधली पायरी गाळून नवी इमेज लावली तर नोड उठणारच नाही, मग होस्टनेम कितीही बरोबर असो.