शेवटची एसटी साडेचारची होती

बाय,

तुझा मेसेज काल रात्री उशिरा बघितला. इंजिनिअरिंगच्या सीईटीला एवढं चांगलं पर्सेंटाइल पडलंय, तुला लोणेऱ्याच्या टेक्निकल विद्यापीठात जायचंय आणि बाबा म्हणतायत दापोलीलाच बीकॉम कर, घरचं जेवण, संध्याकाळी घरी. वाचून मला आधी माझी एसटी आठवली. दहावीनंतर मला सायन्स घ्यायचं होतं, पण कॉलेजची प्रॅक्टिकलं पाचला सुटायची आणि आमच्या वाडीची शेवटची गाडी साडेचारला, झालं, आर्ट्स. दादाला मात्र डिप्लोमाला बाहेर खोली घेऊन ठेवलं, मार्क माझे जास्त होते तरी. कोणी दुष्ट नव्हतं गं घरात, हिशोबच तसा होता, दादाची खोली म्हणजे खर्च आणि माझी खोली म्हणजे खर्च प्लस लोक काय म्हणतील.

आता कोणी म्हणेल, मुली कुठे मागे आहेत. खरंय, बारावीला कोकण विभाग दरवर्षी पहिला, 2025 ला 96.74 टक्के, आणि राज्यातपण मुलींचा निकाल मुलांच्या पाच टक्के पुढे. कॉलेजात जाण्याचं प्रमाणसुद्धा 2021-22 च्या देशभरच्या सरकारी सर्व्हेत मुलींचं 28.5 आणि मुलांचं 28.3. पण कोण कुठल्या कोर्सला गेलं ते बघ, इंजिनिअरिंगला तिसरा हिस्सापण मुली नाहीत. कॉलेजला पाठवतात गं, फक्त संध्याकाळच्या गाडीने परत येता येईल तिथपर्यंतच. सरकारचंपण तसंच, मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट, तेरावीला संपला.

(आपल्या मुरूडचे अण्णा कर्वे पोरवयात परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले ते आपण अजून कौतुकाने सांगतो, मोठेपणी 1916 ला त्यांनीच पाच मुलींवर महिला विद्यापीठ सुरू केलं, आणि त्याच तालुक्यात तुला लोणेरं लांब पडतंय.)

बाबांशी समानता वगैरेवर भांडू नको, ते गप्प बसतील आणि आई रडेल. कागद घेऊन बस. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसीच्या मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीस तर माफी नाही, हे नीट लक्षात ठेव, एजंट लोक हे सांगत नाहीत. हॉस्टेल आणि मेसचे पैसे मात्र भरावे लागतात, ते बाबांना आधीच सांग, मागून कळलं तर सगळ्यावरचाच विश्वास जातो. लोणेऱ्याच्या विद्यापीठात कॅम्पसमध्येच मुलींचं हॉस्टेल आहे, एक दिवस दोघांना घेऊन जा आणि गेट, मेस, पाण्याची टाकी सगळं दाखव. भीती असते ना ती बहुतेक न बघितलेल्या जागेचीच असते, माझ्या बाबांनी दादाची खोली तरी कुठे बघितली होती म्हणा.

आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाची यादी, स्वतः भर, सायबर कॅफेवाल्या दादाच्या हातात देऊ नको. पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या राउंडला नाव नाही, त्यामुळे बाबांना बरं वाटावं म्हणून जवळचं कॉलेज एक नंबरला टाकू नको, तेच लागेल आणि मग चार वर्षं मनात राहील.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर काढलंयस का? नसेल तर सोमवारी सकाळी सेतूत ये, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि बाबांचा जातीचा दाखला, सगळ्यांचे झेरॉक्स दोन-दोन. मी दहाला तिथे असेन. बाबांनापण आण, त्यांची सही लागतेच.

तुझी,
मावशी